मानलेली अन्नपूर्णा

पितळेला भूक लागत नाही. त्याला थंडी वाजत नाही, झोप येत नाही, आणि चार दिवस कुणी आंघोळ घातली नाही तर ते फक्त काळं पडतं. हे कळायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं. ज्या बायका रोज सकाळी पितळेच्या मूर्तीला आंघोळ घालून, पुसून, नैवेद्य दाखवत होत्या, त्यांना तर सगळ्यात जास्त. पितळ काय चीज आहे हे घासणाऱ्या बाईइतकं कुणाला ठाऊक असणार?

म्हणून ‘मूर्तीत देव असतो का?’ या प्रश्नात मला आता फारसा रस उरलेला नाही. हॉस्टेलच्या गच्चीवर त्यावर रात्र रात्र वाद घालून झाले. मी तेव्हा ‘नसतो’ म्हणणाऱ्यांत होते, आजही आहे. पण गेल्या वर्षी आमच्या घरात जो प्रश्न आला तो वेगळा होता. मूर्तीत कुणी नाही अशी ज्या माणसाची खात्री आहे, त्याची त्या मूर्तीबद्दल काही जबाबदारी असते का? आणि असली, तर ती नक्की कुणाबद्दलची?

आमच्या देवघरात चार अन्नपूर्णा आहेत. चारही पितळेच्या, बोटभर उंचीच्या, मांडी घालून बसलेल्या, हातात पळी घेतलेल्या. एका छोट्या देवघरात एकाच देवीच्या चार मूर्ती कशाला, असा प्रश्न बाहेरच्याला पडेल. ज्याला आपल्याकडची लग्नं माहीत आहेत त्याला पडणार नाही.

बऱ्याच मराठी घरांत मुलीच्या लग्नात आई तिला अन्नपूर्णा देते. मुहूर्ताआधी नवरी गौरीहराशी बसते, तेव्हा तिच्यासमोर तांदळाच्या राशीवर हीच मूर्ती असते. बाहेर सनई वाजत असते, फोटोग्राफर घाई करत असतो, आणि ती मुलगी एकटी बसून अन्नपूर्णेवर चिमूट चिमूट तांदूळ वाहत असते. मग मामा येऊन तिला मांडवात नेतो. लग्नानंतर ती मूर्ती तिच्याबरोबर सासरी येते आणि तिथल्या देवघरात बसते.

म्हणजे देवघरात दोन प्रकारचे देव असतात. एक घराण्याचे. आमच्याकडे तुळजाभवानी आणि खंडोबा यांचे चांदीचे टाक आहेत. ते बापाकडून मुलाकडे जातात. घर वाटलं गेलं की थोरल्याकडे जुने राहतात आणि धाकटा नवे करून घेतो. दुसऱ्या या अन्नपूर्णा. त्या बाहेरून येतात, एकेका बाईबरोबर. कुठल्याही जुन्या देवघरातल्या अन्नपूर्णा मोजा, त्या घरात किती सुना आल्या याचा साधारण हिशेब लागतो.

यात एक बारीक गोष्ट आहे. लग्नानंतर तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची पद्धत होती, काही घरांत अजून आहे. आडनाव बदलायचं, नाव बदलायचं, कुलदैवत बदलायचं. माहेरहून आलेल्या सगळ्यांत नाव न बदललेली एकटी अन्नपूर्णाच.

आमच्या चौघींपैकी एक पणजीची, एक आजीची, एक आईची. चौथी धाकट्या आजीची. धाकटी आजी म्हणजे आजीची जाऊ. लग्नानंतर चार वर्षांत तिचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. त्यानंतरची साठेक वर्षं ती आमच्याच घरात राहिली आणि मी शाळेत असताना गेली. घरात तिच्या मालकीचं असं काय होतं याची यादी केली तर ती फार लहान होईल: दोन लुगडी, एक पत्र्याची ट्रंक, आणि ही अन्नपूर्णा.

*

गावचं घर विकून आई-बाबा पुण्यात टू बीएचके फ्लॅटमध्ये आले, तेव्हा देवघराची स्वयंपाकघरात एक फळी झाली. वास्तुशांतीला आलेल्या गुरुजींनी फळी पाहिली आणि सांगितलं, एका देवघरात एका देवतेची एकच मूर्ती असावी. शिवाय यातल्या दोन झिजलेल्या आहेत, नाकडोळे उरलेले नाहीत, अशा मूर्ती पूजेत ठेवू नयेत. वहिनींची ठेवा, बाकीच्या वाहत्या पाण्यात सोडा. गुरुजींचं बोलणं शांत होतं, परंपरेला धरून होतं, आणि चौरस फुटांच्या हिशेबातही बसणारं होतं. बाबा लगेच हो म्हणाले.

नाही म्हणाले ते मी. सणावारीही हात न जोडणारी.

बाबांनी विचारलं, “तुझा तर विश्वासच नाही. मग तुला काय फरक पडतो?”

प्रश्न चोख होता. मी तेव्हा ‘आठवण म्हणून’ असं काहीतरी म्हटलं. ते खोटं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं. आठवण म्हणूनच ठेवायच्या तर शोकेसमध्ये ठेवता येतील, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवता येईल. मला ते नको होतं. मला त्या देवघरातच हव्या होत्या, रोज आंघोळ घातली जाते त्या जागी. एखाद्या वस्तूवर आपला विश्वास नाही, आणि तरी ती वस्तू म्हणून वागवली जाऊ नये असं वाटतं. ही काय भानगड आहे?

*

शोकेसचं काय होतं ते एका दुसऱ्या अन्नपूर्णेच्या गोष्टीत दिसतं.

कॅनडातल्या रेजायना शहरात मॅकेन्झी आर्ट गॅलरी आहे. नॉर्मन मॅकेन्झी नावाच्या वकिलाच्या संग्रहातून ती उभी राहिली. हा गृहस्थ 1913 च्या सुमारास भारतात आला होता. बनारसला नदीकाठच्या एका देवळातली छोटी दगडी मूर्ती त्याला आवडली, आणि ती त्याच्यासाठी तिथून चोरण्यात आली. पुढे ती त्याच्या संग्रहाबरोबर गॅलरीत गेली. 2019 मध्ये दिव्या मेहरा ही कलावंत प्रदर्शनाच्या तयारीसाठी तो संग्रह धुंडाळत होती, तेव्हा तिच्या लक्षात आलं की विष्णू म्हणून नोंदलेली ही मूर्ती बाईची आहे. एका हातात खिरीचं भांडं, दुसऱ्या हातात चमचा. ती अन्नपूर्णा होती. गॅलरीने मूर्ती परत करायचं ठरवलं आणि नोव्हेंबर 2021 मध्ये ती काशीत पुन्हा स्थापन झाली.

या गोष्टीतली चोरी सगळ्यांच्या लक्षात राहते. मला मात्र तो विष्णू विसरता येत नाही. मूर्ती इतकी वर्षं सुरक्षित होती. तिला ऊन-पाऊस लागला नाही, ती फुटली नाही, झिजली नाही. जतन या शब्दाचा जो अर्थ आपण घेतो त्या अर्थाने तिचं जतन उत्तम झालं. आणि एवढ्या काळात ती बाई आहे हे कागदावर आलं नाही. तिला रोज कुणी आंघोळ घातली असती, वस्त्र नेसवलं असतं, तर ही चूक एक दिवससुद्धा टिकली नसती.

उलट आमच्या पणजीची अन्नपूर्णा. तिच्या चेहऱ्याच्या जागी आता फक्त एक गुळगुळीत उंचवटा आहे. चिंच, राख, रांगोळी आणि नंतर पितांबरी, असं शंभर वर्षं घासून घासून तिचं नाक गेलं, डोळे गेले, हातातली पळी टोकाला बोथट झाली. म्हणजे जिची काळजी घेतली गेली तिचा चेहरा गेला, आणि चेहरा गेला म्हणून ती पूजेला अपात्र. कॅनडातली मूर्ती शाबूत राहिली आणि अनोळखी झाली. आमची ओळखू न येण्याइतकी झिजली, पण अंधारात नुसत्या बोटांनी चाचपून आई सांगू शकते की ही कुणाची.

त्या झिजेत पणजीचा, आजीचा, धाकट्या आजीचा आणि आईचा अंगठा आहे. धातूत दुसरं कुणी असो वा नसो.

*

कायद्याने या प्रश्नाकडे फार पूर्वी पाहिलं आहे. कोलकात्याच्या मल्लिक कुटुंबात घरच्या ठाकुराची, म्हणजे कृष्णमूर्तीची, पूजा वारसांमध्ये पाळीपाळीने चाले. आपली पाळी आली की मूर्ती आपल्या घरी न्यायची मुभा आहे का, यावरून भांडण लागलं आणि ते लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. 1925 च्या निकालात न्यायाधीशांनी म्हटलं की मूर्ती म्हणजे घरातलं सामान नव्हे. कुठे राहायचं याबद्दल तिची इच्छा धरली पाहिजे, आणि ती स्वतः बोलू शकत नसल्याने, ज्याचा त्यात काही स्वार्थ नाही अशा कुणीतरी तिच्या वतीने उभं राहिलं पाहिजे.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. मूर्तीची इच्छा! पण मग माझ्या कामाचं काय? मी ज्या कंपनीत नोकरी करते तीसुद्धा कायद्याच्या भाषेत एक व्यक्ती आहे. तिला कुणी पाहिलेलं नाही. तिच्या नावावर बँकेत पैसे आहेत, तिच्यावर खटला भरता येतो, तिच्या भल्यासाठी मी रोज नऊ तास बसते आणि रात्री दोनला सर्व्हर पडला तर अंथरुणातून उठते. तिच्या अस्तित्वावर माझा विश्वास आहे का, असं एचआरने मला अजून तरी विचारलेलं नाही.

आमच्या अन्नपूर्णांच्या नावावर ना जमीन, ना ट्रस्ट. त्यांच्यासाठी कुणी कोर्टात जाणार नाही. पण त्या निकालातली एक गोष्ट मला पटते: ज्याला बोलता येत नाही त्याचं काय करायचं हे ठरवताना, जागा कुणाची अडते आहे एवढाच विचार पुरत नाही.

*

मराठीत यासाठी एक शब्द आहे आणि तो आपण इतका वापरतो की त्याकडे लक्ष जात नाही. आपण ‘देवावर विश्वास आहे का’ असं विचारतो, ते बरंचसं इंग्रजी वाचल्यानंतर. आजीच्या पिढीचा प्रश्न होता, “तुम्ही देव मानता का?”

मानणं म्हणजे विश्वास ठेवणं नव्हे. मानलेला भाऊ हा आपला सख्खा भाऊ आहे असा कुणाचाच समज नसतो. त्याचे आई-बाप वेगळे आहेत हे त्यालाही माहीत असतं, आपल्यालाही. पण एकदा मानलं की राखी बांधावी लागते, त्याच्या घरी मयत झाली तर जावं लागतं, त्याच्या मुलांच्या शाळेची चौकशी करावी लागते. नातं कल्पनेतलं, पण मागे लागलेली कामं खरी. ‘तो माझा भाऊ आहे हे सिद्ध कर’ असं कुणी म्हणालं तर आपण त्याला वेडा समजू. आणि ‘मानलं आहे’ म्हणून वर्षानुवर्षं साधा फोनही न करणाऱ्याला खोटारडा समजू.

मूर्ती मानणं मला असं दिसतं. त्यात जगाबद्दलचा एखादा दावा असायलाच हवा असं नाही. दावा असतो तो स्वतःबद्दल: मी हिला उपाशी ठेवणार नाही. मानण्याचा खरेपणा पुराव्यावरून ठरत नाही, ते निभावण्यावरून ठरतं.

माझ्या कामात निम्मा वेळ मी माणसांची कामं यंत्राच्या गळ्यात घालत असते, म्हणून एक शंका येतेच. निभावणं म्हणजे वेळेवर काम होणंच असेल, तर दिवा सेन्सरवर लावता येईल. टाळ-नगारा वाजवणारं यंत्र बाजारात मिळतं. नैवेद्याची वेळ यंत्र कधी विसरणार नाही. मग माणूस कशाला? मला सुचलेलं उत्तर एवढंच की यंत्र काही सोडून उठत नाही. त्याला दुसरं काही करायचंच नसतं. गरम चहा तसाच ठेवून उठणं, अंग दुखत असताना उठणं, हे ज्याला जमतं त्यानेच निभावलं असं म्हणता येतं. भक्तीची किंमत भक्ताच्या वेळेत मोजली जाते.

आणि इथेच गाडी अडते. कारण लगेच विचारावं लागतं, कुणाच्या वेळेत?

*

मुंबईत 1867 साली प्रार्थना समाज स्थापन झाला. पुढे न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याचे आधारस्तंभ झाले. मूर्तिपूजेला त्यांचा विरोध होता, आणि त्याच घरात विधवांचे, मुलींच्या शिक्षणाचे प्रश्नही होते. मूर्तीवर आक्षेप घेणारे नेहमी धातुशास्त्र सांगत नसतात. त्यांचा धारदार आक्षेप हा असतो की ज्या घरात देवाला वेळेवर जेवण मिळतं त्या घरात माणसांना मिळतं का?

आमच्या घरापुरतं या प्रश्नाचं उत्तर बरं नाही. देवीचा नैवेद्य झाल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. मग पुरुष, मग मुलं, मग सुना, आणि उरलंसुरलं धाकटी आजी. पहाटे उठून स्वयंपाकाला लागणारी ती पहिली, आणि दुपारी दोनला पानावर बसणारी शेवटची. महिन्याचे चार दिवस सुनांनी त्या मूर्तीला हात लावायचा नाही, ज्या मूर्ती त्यांच्याच होत्या. धाकट्या आजीला हळदीकुंकवाला कुणी बोलावत नसे. अन्नपूर्णेला कुंकू लावायला मात्र ती चालत होती, कारण दुसऱ्या कुणाला सवड नसायची.

अन्नपूर्णेची एक गोष्ट घरोघर सांगतात. शंकर म्हणाला, जग ही माया आहे, अन्नसुद्धा माया. पार्वती निघून गेली. पृथ्वीवरचं अन्न संपलं, सगळे तडफडू लागले, आणि शेवटी तोच शंकर कटोरा घेऊन तिच्या दारात उभा राहिला. मला ही गोष्ट फार आवडते. भरल्या पोटी केलेल्या तत्त्वज्ञानाची यापेक्षा चांगली खोड कुणी मोडली नसेल. पण ही गोष्ट सांगणाऱ्या बाया स्वतः उपाशी होत्या आणि त्यांच्या दारात कटोरा घेऊन कुणी आलं नाही, हे पुसून टाकता येत नाही.

तेव्हा एक सोपा निष्कर्ष हाताशी आहे: या मूर्तींनी त्या बायकांना बांधून ठेवलं, सोडा त्या पाण्यात.

पण धाकट्या आजीला मी पाहिलेलं आहे. देवघरासमोर ती बोलायची. मागणं नसायचं, मंत्र तर नाहीच. आज भाजीत मीठ जास्त झालं, पाऊस कसा तो नाही, थोरलीचं अंग तापलंय, असलं काहीबाही. नैवेद्याची वाटी ठेवताना म्हणायची, “जेव गं.” तिला स्वतःला ‘जेवलीस का’ असं विचारणारं त्या घरात कुणी नव्हतं. जे तिला साठ वर्षांत कुणी म्हटलं नाही ते ती रोज कुणाला तरी म्हणत होती. आणि ज्या कुणाला म्हणत होती ती तिच्याच माहेरहून, तिच्याच बरोबर, तिच्याच दिवशी त्या घरात आलेली होती.

नियमांनी तिला शेवटच्या पंगतीत बसवलं. मूर्तीने बसवलं नाही. घराने तिच्याकडून जे काढून घेतलं आणि तिने स्वतःहून जे दिलं, या दोन गोष्टी एकाच फळीवर शेजारी शेजारी राहत होत्या. बाहेरून त्या एकसारख्याच दिसतात. त्या वेगळ्या करायच्या म्हणजे मूर्ती फेकून नियम ठेवायचे, की नियम फेकून मूर्ती ठेवायच्या? आमच्याकडे पहिलं होऊ घातलं होतं. मूर्ती नदीत जाणार होत्या. चार दिवसांचं शिवाशिवीचं मात्र नव्या फ्लॅटमध्येही कुणी काढलं नव्हतं.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. फरक मला पडतो, कारण ती मूर्ती हे एका बाईने रोज पाळलेलं वचन आहे. ज्याला दिलं तो तिथे होता की नव्हता हे मला सांगता येणार नाही, पण देणारी तिथे होती. तिच्यामागे तिच्या वतीने बोलणारं कुणी नाही. चारांतल्या तिघींना मुलं-नातवंडं आहेत. चौथी सगळ्यात आधी पाण्यात गेली असती आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मला देव मानता येत नाही. पण तिने जिला मानलं, तिला मी मानू शकते. मानलेल्या भावाच्या बहिणीलाही आपण ताई म्हणतोच की.

*

हे सगळं मी बाबांना इतक्या शब्दांत सांगितलं नाही. आईने निकाल दिला. ती म्हणाली, “त्यांच्या त्यांच्या लग्नात आल्यात त्या. मी कोण पाठवणारी?” बाबांनी फळी सहा इंच वाढवून घेतली.

त्यानंतर काही गोष्टी बदलल्या, काही नाही. चार दिवसांचा नियम आईने स्वतःच बंद केला; कारण विचारलं तर म्हणाली, फ्लॅटमध्ये दुसरं आहे कोण करायला. आरतीला मी अजूनही हात जोडत नाही. पुण्यात असले की मूर्ती घासते मात्र मी, आणि चेहऱ्यांवरून हात हलका फिरवते. मी ज्या शनिवारी घासायला बसते त्या शनिवारी फोन दुसऱ्या खोलीत असतो. याला भक्ती म्हणायचं का, मला माहीत नाही. ढोंग म्हणता येणार नाही, कारण मी काही असल्याचं दाखवत नाही.

नैवेद्यही असतो. वरणभात, कधी नुसती खिचडी, एकदा तर मॅगीसुद्धा. पण आता ज्याला भूक लागेल तो आधी जेवतो, आईसुद्धा. मग वाटी देवघरात जाते. पळी जिच्या हातात तिने शेवटी जेवायचं, हा नियम आमच्या घरात आता फक्त अन्नपूर्णेला लागू आहे.

फळीच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवला आहे. कोणती मूर्ती कुणाची, कुठल्या गावाहून आली, आणणारीचं माहेरचं नाव काय. आईचं सोपं होतं. आजीचं आत्याला ठाऊक होतं. पणजीचं एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीमागे सापडलं. धाकट्या आजीच्या पुढची जागा रिकामी आहे. तिच्या गावाचं नाव मिळालं आहे. पुढच्या महिन्यात सुट्टी टाकून जाऊन येणार आहे.